आकड्याचं माहेर

२०१९च्या सप्टेंबरमधला शेवटचा आठवडा मुंबई-ठाण्यातली पुष्कळ घरं विसरलेली नसतील. २४ तारखेला मोबाइलवर निरोप आला की पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर, रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. अनेकांना ती अफवा वाटली. ती खरी बातमी होती. भांडुपच्या मुख्यालयाबाहेर आणि शाखाशाखांपुढे लोक पासबुकं घेऊन रडत उभे होते. त्याच आठवड्यात, त्याच व्हॉट्सअॅप गटांमधून दुसरा निरोप फिरू लागला: रिझर्व्ह बँक नऊ सरकारी बँका कायमच्या बंद करणार आहे, पैसे ताबडतोब काढून घ्या. यादीत बँक ऑफ महाराष्ट्रचं नाव होतं. कालचा निरोप खरा निघाला होता, म्हणून हाही खरा वाटला. हा मात्र धडधडीत खोटा होता.

माझ्या आत्याचं पेन्शनचं खातं महाराष्ट्र बँकेत. तिचा रात्री साडेदहाला फोन आला. "अगं, उद्या सकाळी रांगेत उभी राहू का? तू काय ते एकदा नीट सांग."

मला लगेच सांगता आलं नाही. दोन्ही निरोपांचा चेहरामोहरा सारखाच होता, तीच घाई, तोच "सर्वांना कळवा"चा आग्रह. मी फोन ठेवला आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्धिपत्रकांचं पान उघडलं. पीएमसी बँकेचा आदेश तिथं होता, तारखेसह आणि क्रमांकासह. नऊ बँकांबद्दलचा कुठलाही आदेश नव्हता. उलट, असं काहीही होणार नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जाहीर खुलासा सापडला. सहा-सात मिनिटं लागली असतील. मी आत्याला परत फोन केला आणि ती झोपली.

त्या खोट्या निरोपाकडे नीट पाहिलं तर तो कुठे उसवतो तेही दिसत होतं. यादीत देना बँक होती, आणि देना बँक तर त्या वर्षीच्या १ एप्रिललाच बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती. जी बँक उरलीच नाही, ती बंद काय करणार? पण अफवेला खऱ्याचं एखादं बी लागतंच. ऑगस्टच्या ३० तारखेला अर्थमंत्र्यांनी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा केली होती. 'विलीन होणार' या शब्दांचं चार हातांतून जाताना 'बंद होणार' झालं, आणि पीएमसीच्या धक्क्यानं घाबरलेल्या लोकांनी ते पुढं पाठवलं.

पैशांबद्दलच्या प्रत्येक आकड्याला एक माहेर असतं, असं मी तेव्हापासून मानते. तो कुठल्या तरी कार्यालयात, कुठल्या तरी कागदावर, कुणाच्या तरी सहीनं जन्माला आलेला असतो. नंतर तो वर्तमानपत्रात जातो, वाहिनीवर जातो, यूट्यूबवर जातो आणि शेवटी आपल्या फोनवर येतो. वाटेत त्याची तारीख गळते, अट गळते, 'पर्यंत' हा शब्द गळतो. कोण काय म्हणतं याचा शोध घेत बसण्याऐवजी त्या माहेरी जायचं, एवढीच या प्रकरणात सांगायची गोष्ट आहे. ते जमतं. शिकलेल्यालाच जमतं असंही नाही.

बँकांचं माहेर रिझर्व्ह बँक. शेअर, म्युच्युअल फंड आणि सल्लागार यांचं सेबी. विम्याचं हैदराबादचं विमा नियामक प्राधिकरण. पीपीएफ, सुकन्या, राष्ट्रीय बचत पत्र यांचे दर केंद्राचं अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं. महाराष्ट्रात घर घ्यायचं तर महारेरा. राज्याची शेती, उद्योग, जिल्ह्याजिल्ह्याचं उत्पन्न हवं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'. ती अर्थसंकल्पाच्या आधी येते आणि ती मराठीत असते. हे मुद्दाम सांगते, कारण वर सांगितलेल्या बाकीच्या पुष्कळ ठिकाणी मूळ कागद इंग्रजीत असतात, आणि अफवा मात्र शुद्ध घरगुती मराठीत येते. हा मला फार मोठा अन्याय वाटतो. आत्यासारख्या माणसाला आपल्याच ठेवीबद्दलचा आदेश आपल्या भाषेत वाचता आला असता, तर ती रात्री साडेदहाला घाबरली नसती.

माहेरच्या वाटेवर भुलवणारी वळणं खूप. शोधयंत्रात बँकेचं नाव आणि 'कस्टमर केअर' एवढं टाइप केलं की वरचे एक-दोन निकाल पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यांच्यावर 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असतं. खोटे क्रमांक पेरून लोकांची खाती रिकामी करणारे याच सवयीवर जगतात. म्हणून क्रमांक शोधायचा तो पासबुकावर, डेबिट कार्डाच्या मागे, नाही तर बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. आता त्यात एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना त्यांचे पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर न्यायला सांगितलं. ही शेपटी बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. सरकारी खात्यांसाठी 'डॉट गव्ह डॉट इन' आहेच. सेबीचा पत्ता तसाच आहे. पण खुद्द रिझर्व्ह बँकेचा पत्ता बरीच वर्षं 'डॉट ओआरजी डॉट इन'वर चालत आला, आणि ती शेपटी कुणालाही घेता येते. म्हणून असे पत्ते एकदा नीट अक्षर अक्षर टाइप करून, पाहून, फोनमध्ये खूण करून ठेवावेत आणि मग दर वेळी त्या खुणेवरूनच जावं.

कागद सापडल्यावर पहिली नजर तारखेवर जायला हवी. खोट्या माहितीइतकंच नुकसान शिळ्या माहितीनं होतं, आणि ती ओळखायला जास्त अवघड, कारण ती एके काळी खरी होती. पीएमसी बँक अडकली तेव्हा ठेवीवरचं विमा संरक्षण एक लाख रुपयांचं होतं. ४ फेब्रुवारी २०२०पासून ते पाच लाख झालं. तरी एक लाखाचा निरोप अजून फिरतो आणि लोक त्यावरून निर्णय घेतात. उलटी चूकही होते. पाच लाख 'प्रत्येक खात्याला' असं कुणीतरी सांगतं. खरी गोष्ट अशी की एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, एकत्र मोजतात आणि त्या बेरजेला पाच लाखांची मर्यादा लागते. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागून ठेवल्यानं काहीही साधत नाही. २०२१मध्ये कायद्यात आणखी एक चांगला बदल झाला: बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ठेवीदाराला ९० दिवसांत मिळावी. पीएमसीच्या लोकांना तोवर दोन वर्षं वाट पाहावी लागली होती. ही सगळी माहिती ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि विमा असलेल्या बँकांची यादीही आहे. सहकारी बँकेत ठेव असणाऱ्या प्रत्येकानं आपल्या बँकेचं नाव त्या यादीत एकदा स्वतः पाहावं. पतसंस्थेचं नाव तिथं मिळणार नाही, कारण पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. तालुक्याच्या गावात बँक आणि पतसंस्था शेजारी शेजारी असतात, पाट्याही सारख्याच दिसतात, आणि हा फरक फार थोड्यांना कुणी सांगितलेला असतो.

पीपीएफचंही तसंच. २०१९च्या अखेरीस लिहिलेला लेख ७.९ टक्के दर सांगतो. एप्रिल २०२०मध्ये तो ७.१वर आला. लेख खोटा नाही. फक्त तारीख पाहिली नाही, तर आपण गणित चुकवून बसतो.

आकड्याच्या माहेरी पोचलो म्हणजे तो समजला असंही नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये बातमी आली की ऑक्टोबरमधला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आहे. आत्याचा फोन आलाच. "पाव टक्का? मग माझ्या औषधांचं बिल का वाढतंय? हे सरकारी आकडे खोटेच असतात का गं?"

आकडा खोटा नव्हता. सांख्यिकी मंत्रालयाचं मूळ पत्रक उघडलं की उलगडा होतो. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना. आणि गेल्या वर्षीचा तो महिना, ऑक्टोबर २०२४, फार महाग होता: दर ६.२१ टक्के, आणि एकट्या भाज्या सुमारे ४२ टक्क्यांनी वर. आता हिशेब मांडू. ऑक्टोबर २०२३मध्ये भाज्यांची जी पिशवी १०० रुपयांना येत होती, ती २०२४मध्ये १४२ची झाली. ऑक्टोबर २०२५मध्ये भाज्या साडेसत्तावीस टक्क्यांच्या आसपास उतरल्या, म्हणजे पिशवी १०३ रुपयांवर आली. बातमीत ही 'विक्रमी घसरण' दिसते. बाजारात जाणाऱ्या बाईला मात्र एवढंच दिसतं की भाजी दोन वर्षांपूर्वीच्या भावाला परत आली. आणि सगळ्या वस्तू मिळून? १०० रुपयांचे १०६.२१ झाले होते, त्यांचे १०६.४८ झाले. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत. ते वाढायचे जवळजवळ थांबले, एवढंच.

त्याच पत्रकाच्या जोडपत्रात वस्तूंच्या गटांची वजनं असतात. तेव्हा वापरात असलेल्या २०१२ पायाच्या मालिकेत अन्न आणि पेयांना ४५.८६ इतकं वजन होतं आणि आरोग्याला ५.८९. ही वजनं २०११-१२च्या कुटुंब खर्चाच्या पाहणीवरून ठरलेली. देशातलं सरासरी कुटुंब शंभरातले सहाएक रुपये औषधपाण्यावर खर्च करतं, असं त्यात धरलं होतं. आत्याचे किती जातात ते आम्ही तिच्या वहीतून काढलं: शंभरातले एकवीस. भाजी तिला एकटीला लागते किती? भाज्यांच्या स्वस्ताईचा मोठा वाटा तिच्या वाट्याला आलाच नाही. तो आकडा देशाच्या टोपलीचा होता, तिच्या टोपलीचा नव्हता. हे कळल्यावर तिचा सरकारी आकड्यांवरचा राग गेला, आणि मुदत ठेवीचं व्याज पुरेसं आहे की नाही हे ठरवताना ती आता आपली वही पाहते.

असाच घोळ कांद्याच्या भावात रोज होतो, आणि तिथं तो कुणाच्या तरी हंगामावर बेततो. लासलगाव बाजार समितीचा भाव गावोगावच्या फोनवर जातो तो बहुतेक एका आकड्यात. पण बाजार समित्या आणि पुण्याचं राज्य कृषी पणन मंडळ तो भाव कसा नोंदवतात ते पाहा. मंडळाच्या संकेतस्थळावर, मराठीत, ओळीनं रकाने आहेत: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. समजा एखाद्या दिवशी कमीत कमी ६००, जास्तीत जास्त २१०० आणि सर्वसाधारण १४५० रुपये क्विंटल निघाला. फोनवर फिरतं ते २१००. तो भाव एखाद्या ट्रॉलीला, निवडक मालाला मिळालेला असू शकतो. ट्रॅक्टरचं भाडं भरून, अख्खा दिवस मोडून शेतकरी २१००च्या आशेनं जातो आणि १४००ला माल देऊन येतो. फसवलं गेल्यासारखं वाटतं, आणि कुणी फसवलं तेही सांगता येत नाही. पाहायचा तो सर्वसाधारण दर, आणि त्याच्या शेजारी आवक. आवक दोन-चार दिवसांत चढत असेल, तर आजचा सर्वसाधारण दरही उद्या टिकेलच असं नाही. शेजारच्या पिंपळगाव बसवंतची ओळही त्याच पानावर असते. चार रकाने वाचायला शिकणं ही मोठी विद्या नव्हे, पण मला विचाराल तर शाळेच्या गणितात ती असायला हवी.

आता माणसांकडे येते. मूळ कागद पाहायचा म्हटलं तरी आपण शेवटी कुणाचं तरी ऐकतोच, आणि हल्ली ऐकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न 'हा हुशार आहे का' हा नसावा. 'हा चुकला तर याला कोण विचारणार' हा असावा. गुंतवणूक सल्लागाराला सेबीकडे नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक 'आयएनए'नं सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'नं. सेबीच्या संकेतस्थळावर यादी खुली आहे. तिथं क्रमांक पाहून थांबू नये, नाव आणि संपर्काचा पत्ताही ताडून पाहावा, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरणारे भामटे आहेत. 'आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो' असं म्हणणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५मध्ये सेबीनं एक सोपी रेघ ओढली: शिकवणाऱ्यानं शेअरचे ताजे भाव वापरायचे नाहीत, किमान तीन महिने जुने वापरायचे. तेव्हा कालचा भाव पडद्यावर दाखवून कुणी 'उद्या इथपर्यंत जाईल' असं सांगत असेल, तर तो शिकवत नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वर्गांची जाहिरात पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या हातात सेबीचा सप्टेंबर २०२४चा अभ्यास ठेवावा असं मला मनापासून वाटतं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. जाहिरातीतला गाडीपाशी उभा असलेला मुलगा उरलेल्या सात टक्क्यांतला असेलही. तो त्याच पैशानं गाडी घेतो की वर्गांच्या फीतून, हे जाहिरात सांगत नाही.

'नोंदणीकृत' हा शब्द तर स्वतंत्रपणे उलगडून पाहायला हवा. नोंदणी झाली, पण कशाची? जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानापुढे हजारो लोक जमले. दर आठवड्याला परतावा देण्याचं आश्वासन होतं, आणि दुकान बंद झालं होतं. त्यात भाजीविक्रेते होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या. दुकानामागे रीतसर नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. पण कंपनीची नोंदणी म्हणजे जन्मदाखला. जन्मदाखला दाखवून एसटी चालवायला मिळत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र, कंपनी क्रमांक, यांतला एकही कागद लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाही. ती परवानगी कुणाकडे आहे हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येतं, आणि शंका आली तर तिथंच तक्रारही करता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंपनीची स्थापनेची तारीख आणि भरणा झालेलं भांडवल कळतं. शंभर वर्षांच्या विश्वासाची भाषा करणारी कंपनी दोन वर्षांची आणि लाखभर भांडवलाची निघाली, तर आणखी काही वाचायची गरज उरत नाही.

आणि आता डोळ्यांवरही विसंबता येत नाही. एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला जाहीर इशारा द्यावा लागला, कारण त्याचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअरच्या शिफारशी करताहेत अशा बनावट चित्रफिती फिरत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेला गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींबद्दल तसंच सांगावं लागलं. चेहरा खरा, आवाज खरा, ओठ जुळलेले. अशा वेळी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहून काही कळत नाही. गव्हर्नर कुठल्याही योजनेत पैसे गुंतवायला सांगत नाहीत, तो त्यांच्या कामाचा भागच नाही, हे ठाऊक असणं जास्त उपयोगी. पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नये; १९३०वर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

गेल्या दिवाळीत आत्यानं स्वतःहून विचारलं, "ते जुन्या खात्यांचं काय गं असतं?" आतोबा नोकरीत सातारा, सांगली, नगर असे फिरले. कुठे कुठे खाती उघडली आणि बदली झाल्यावर तशीच राहिली. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण वारसांचा हक्क जात नाही. त्या शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केलं. मार्च २०२४पर्यंत त्यात ३० बँका आल्या होत्या, म्हणजे अशा ठेवींच्या रकमेचा सुमारे ९० टक्के भाग. मोबाइल क्रमांकानं नोंदणी करायची, खातेदाराचं नाव घालायचं, बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी काही द्यायचं. तिथं फक्त शोध लागतो. पैसे मागायला त्या बँकेच्या शाखेतच जावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या कुणाला एक रुपयाही द्यायचा नसतो.

पहिल्यांदा काही मिळालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग आत्या म्हणाली, "साताऱ्याला त्यांचं नाव वेगळं लिहायचे, मधलं नाव आधी." तसं घातलं आणि एक ओळ उमटली, शेजारी लांबलचक संदर्भ क्रमांक. आत्यानं चष्मा पुसला, औषधांच्या हिशेबाच्या वहीत नवं पान उघडलं, वर तारीख घातली आणि तो क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं म्हणत उतरवून घेतला. मग वही माझ्याकडे सरकवली. "तू पडद्यावरचा वाच," ती म्हणाली, "मी माझा ताडून बघते."